मावशी, जरा हसा की!

तुमच्या वृद्धाश्रमातल्या मावश्या दर दोन महिन्यांनी काम सोडून जात असतील, तर पगाराचा विषय काढू नका. प्रश्न कार्यसंस्कृतीचा आहे. आधी एक फलक रंगवून घ्या : 'आपण सारे एक कुटुंब'. १२ तासांच्या ड्यूटीनंतर कुणी ओव्हरटाइमचं नाव काढलं, की नुसतं तिकडे बोट दाखवायचं. घरच्या कामाचे कुणी पैसे मागतं का?

कुटुंब मात्र आटोपशीर हवं. २० माणसं झाली की पीएफ लागतो, तेव्हा हजेरीपटावर १९च, बाकीची माणसं पुरवणाऱ्या ब्युरोची. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा माणसांपासून तक्रार समिती लागते, ती कागदावर नेमून टाका. तक्रारपेटीही हवीच, तुमच्या केबिनच्या दाराशी, बरोबर सीसीटीव्हीखाली. वर्षअखेरीला अहवालात 'शून्य तक्रारी' छापायला मोकळे.

रात्रपाळीवर बारीक लक्ष ठेवा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. असे आठ जण, डायपर-चादरीसकट प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे दोन तासांतली ८० मिनिटं गेली. उरलेल्या ४० मिनिटांत एकटी मावशी करते काय? मोबाइल बघते! तिला तक्ता भरायला लावा : १२, २, ४, ६. पहाटे एकाच पेनाने, एका दमात भरलेला तक्ता काय सुबक दिसतो! जखम झालीच, तर नातेवाइकांपुढे तोच ठेवायचा. हातमोजे कपाटात, किल्ली तुमच्या खिशात आणि तुम्ही घरी, ही घडी मोडू नका. ८० किलोच्या आजोबांना एकटीने वळवताना तिची कंबर धरली, तर योगाचा वर्ग ठेवा.

'सकारात्मक विचार' या विषयावर कार्यशाळाही घ्या, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. वक्त्याला शाल, श्रीफळ आणि पाकीट, मावश्यांना वडापाव. दिवाळीला बोनसऐवजी एकाच गठ्ठ्यातल्या साड्या द्या आणि फोटो देणगीदारांच्या ग्रुपवर टाका.

एवढं करूनही कुणी सोडून गेलीच, तर 'हल्ली सेवाभाव म्हणून राहिलाच नाही' असं म्हणत ब्युरोला फोन लावा. संध्याकाळपर्यंत नवी येते. बावीस वर्षांची असली तरी मावशीच म्हणा, नाव लक्षात ठेवायची कटकट नाही. शिकवण्यात वेळ दवडू नका, त्याच रात्री ड्यूटी लावा. कुणाला साखर आहे, ते आजी-आजोबा सांगतीलच. आणि गिळताना कुणाला ठसका लागतो, ते भरवताना कळेल.