उडदाची ताकद

उडीद खाल्ल्याने अंगात ताकद येते, असं आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आल्या आहेत. ती ताकद आधी कुणाला तरी उडदात घालावी लागते, हे मात्र दर उन्हाळ्यात फक्त मलाच सांगितलं जातं.

कोल्हापूरचं नाव काढलं की लोकांना तांबडा-पांढरा आठवतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात रविवार सोडला तर राज्य उडदाचं. घुटं म्हणजे जीव की प्राण! सालीची डाळ मऊ शिजवून घोटायची, लसूण-मिरची-खोबऱ्याचं वाटण लावायचं आणि भाकरी चुरून ओरपायचं. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. १०० ग्रॅम डाळीत २४-२५ ग्रॅम प्रथिनं, वर लोह आणि फोलेट. शिवाय डाळीत जे अमिनो आम्ल कमी ते भाकरीत, भाकरीत जे कमी ते डाळीत. असा संसार माणसांना कुठला जमायला!

माझं वाकडं आहे ते पापडाशी.

लक्ष्मीपुरीतून डाळ आली, गिरणीतून पीठ आलं, की आई पापडखार-मिठाचं पाणी उकळून गार करते आणि मिरी-हिंग घालून पीठ घट्ट भिजवते. घट्ट म्हणजे टोचलेलं बोटच मागं येतं. गोळा मुरला की तो पाट्यावर येतो, वरवंटा माझ्या हातात येतो आणि बायको देखरेखीला बसते.

"अहो, कुटताय का गोंजारताय?"

उडदात एक बुळबुळीत, चिकट द्रव्य असतं. इडलीचं पीठ फुगतं तेव्हा आतली हवा धरून ठेवायला तेच कामी येतं. जुन्या काळी चुन्याच्या बांधकामात गुळाबरोबर उडीदही घालत. ज्याने वाडे धरून ठेवले, त्याने माझा वरवंटा का सोडावा? तेल लावायचं, हाणायचं, ओढायचं, घडी घालायची, परत हाणायचं. गोळ्याचा रंग उजळेपर्यंत हे चालतं. माझा त्याच्या आधीच उतरलेला असतो.

शेजारच्या काकू नेमक्या त्याच वेळी डोकावतात. "व्हय रं, तालमीच्या गल्लीत वाढलास आणि एवढ्यात दमलास? सर तिकडं, मी कुटतो." साठी उलटलेल्या काकू पदर खोचून असे घाव घालतात, की खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवलं तर समोरचा लांबूनच हात जोडेल. त्यांच्यापुढं गोळाही निमूट मऊ येतो.

यात खरं सुख एकच, लाटी. दोऱ्याने कापलेली, तेलात बुडवलेली कच्ची लाटी दाताला चिकटते, मिरी घशात चढते, डोळ्यांत पाणी येतं आणि हात दुसरीकडे जातो. पापड ही लाटीची नंतरची अवनती, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणूनच आई लाट्या मोजून ठेवते.

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं, हा इतिहास मी एकदा बायकोला सांगितला. आता पाकीट विकत मिळतं, एवढंच सुचवायचं होतं.

"सात बायका," ती म्हणाली. "कुरकुरायला एकही पुरुष नव्हता, म्हणून झालं."

पुढचा छळ वाळवणीचा. उडदाचे पापड सावलीत वाळवायचे, म्हणजे गच्ची सोडून आमच्या घरात. पलंगावर साडी, सोफ्यावर साडी, त्यांवर पापड आणि घरमालक उंबऱ्यावर. बाहेर वळवाचं आभाळ दाटलेलं. पंखा लावावा तर कडेचे पापड उडतात, न लावावा तर मी वितळतो. मतदान घेतलं. पापड जिंकले.

रात्री उंबऱ्यावरच ताट आलं. घास उचलायला खांदा तयार नव्हता. आईने वाटीत आणखी एक डाव घुटं ओतलं.

"पोटभर जेव. उद्या कुरडयांचा चीक हाटायचाय."