विहित मुदत म्हणजे कधी?

गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या काकू एक कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "वाच रे जरा, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं." मी पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता. कागदावर हे होतं:

"उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, ज्या निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले विहित मुदतीत प्राप्त होणार नाहीत त्यांचे माहे डिसेंबरचे निवृत्तिवेतन सदर दाखला प्राप्त होईपर्यंत अदा केले जाणार नाही, याची नोंद घ्यावी."

काकू 30 वर्षं शाळेत शिकवत होत्या. निवृत्तिवेतन, विहित, अदा यातला एकही शब्द त्यांना अडला नव्हता. म्हणूनच "सोपे शब्द वापरा, झालं" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. अडलं होतं ते वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" त्याच्याही मागून. बोलताना हे खपून जातं, कारण वाक्य आखूड असतं आणि पुढे नकार येतोय हे आवाजावरूनच कळतं. कागदाला आवाज नसतो. "ज्या"पासून "जाणार नाही"पर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवायचं, आणि मग कळणार की पेन्शन बंद. एवढं करून मुदत कोणती, ते कुठेच नाही! लिहिणाऱ्याला ती माहीत होती ना, मग झालं.

माझा धंदा डीटीपीचा. पत्रिका, अहवाल, सोसायटीच्या नोटिसा दिवसभर हाताखालून जातात. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक मजकूर देतं आणि एकच अट घालतं, "एका पानात बसवा." मग मी ओळींमधली जागा कमी करतो. इंग्रजी मजकूर ते सोसतो. मराठीत वरून मात्रा, वेलांट्या, रफार आणि खालून उकार. वरच्या ओळीतल्या "दृ"चा ऋकार खालच्या ओळीतल्या "र्थी"च्या डोक्यावर जाऊन बसतो. मग वाचणाऱ्याला वाटतं, भाषाच अवघड आहे. खरं तर मजकुरातली चार वाक्यं काढली असती तर पान आपोआप बसलं असतं. पण वाक्यं काढा म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे दोन कागद आहेत, मोडीतले, म्हणजे जुन्या मराठी कारभाराच्या जलद लिपीतले. आधी आडवी शिरोरेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरं टांगत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ हा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. 2023 साली मराठा आरक्षणासाठी सरकार जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला निघाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला तो उगाच नाही. पण त्या काळच्या कारकुनाला काही अडत नसे, कारण पत्र कसं सुरू होणार, मायना काय, शेवटी काय येणार हे त्याला पाठच असायचं. तो वाचत कमी आणि ओळखत जास्त होता. स्वल्पविराम, पूर्णविराम मराठीत रुजले ते 19व्या शतकात, इंग्रजीच्या वळणाने. मराठी कोशाचं काम केलेले इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्यात घेतलं जातं. छापलेला कागद अनोळखी माणसाच्या हाती पडायला लागला, तेव्हा चिन्हांची गरज पडली, असं मला वाटतं.

काकूंच्या हातातली नोटीस देवनागरीत होती, स्वल्पविरामासकट, पण लिहिणारा मनाने अजून मोडीतच होता. त्याने ती शेजारच्या टेबलावरच्या माणसासाठी लिहिली होती. त्या माणसाला सगळं आधीच ठाऊक होतं. आपणही हेच करतो, फक्त आपलं टेबल वेगळं. व्हॉट्सॲपवर पूर्णविरामाशिवाय वीस ओळी ठोकून देणारे आमचे नातेवाईक आणि फेसबुकवर एकेक वाक्य तोडून मध्ये ओळ सोडणारे लेखक, मला दोघांचाही तितकाच वैताग येतो. पहिले श्वास घेऊ देत नाहीत, दुसरे प्रत्येक पायरीवर थांबवून चहा विचारतात.

तर मी त्या कार्यालयाला फोन करून तारीख विचारली आणि नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून दिलं:

"हयातीचा दाखला 30 नोव्हेंबरपर्यंत द्या. नाही दिला तर डिसेंबरची पेन्शन थांबेल. दाखला दिला की पुन्हा सुरू होईल."

मला फार बरं वाटलं. काकूंनी एका दमात वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "छान. पण द्यायचा कुठे? ऑफिसात की बँकेत?"

फोनवर ते विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.