पोखऱ्यात मी पुस्तकं शिवली

परवा भाचीचा मेसेज आला. हिंजवडीत नोकरी, मार्चएंड संपला की तीन आठवड्यांची रजा, आणि बाईसाहेब नेपाळला गरीब मुलांना शिकवायला निघाल्यात. सोबत एजन्सीचं फोटोबिटो असलेलं माहितीपत्रक आणि फीचा आकडा. 'मावशी, तू जाऊन आलीयेस ना, कसं असतं सांग.' फोनवर सांगायला बसले तर तास गेला. आणखी दोघीतिघींनी विचारलं होतंच, म्हणून इथे लिहिते.

आधी दुसरी बाजू सांगते, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या मनपा शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. आमच्याकडेही एका संस्थेमार्फत परदेशी पाहुणे यायचे. विशीतली, मनानं अगदी चांगली पोरं. मुलं पहिल्याच दिवशी त्यांच्या गळ्यात पडायची. तीन आठवड्यांनी केक, फुगे, रडारड, ग्रुप फोटो. आणि सोमवारी माझ्यासमोर पंचेचाळीस चेहरे : 'बाई, ते दादा परत कधी येणार?' काय सांगायचं?

अवयवांची नावं शिकवणारं एक इंग्रजी गाणं आमच्या दुसरीच्या वर्गानं एका वर्षात चार पाहुण्यांकडून चार वेळा शिकलं. चौथ्या वेळी एक मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'बाई, यांना सांगू का आम्हाला येतंय म्हणून? का नको, वाईट वाटेल त्यांना?' सात वर्षांची पोर पाहुण्याचं मन राखत होती. आधीच या मुलांच्या आयुष्यात माणसं येऊन-जाऊन असतात. दसरा-दिवाळी झाली की निम्म्या घरांतले आजी-आजोबा, काका ऊसतोडीला. बाप आज वाघोलीच्या साईटवर, उद्या भलतीकडेच. त्यात आणखी एक माणूस लळा लावून निघून जातं.

एवढं सगळं माहीत असून निवृत्त झाल्यावर मी गेलेच! नोव्हेंबर २०२३, तिहार म्हणजे त्यांची दिवाळी आटोपल्यावर, सहा आठवडे, पोखऱ्यात. हौस होती, खोटं कशाला बोलू. बासष्ट हजार फी भरली. आपल्या शंभर रुपयांचे तिकडे १६० होतात, म्हणजे जवळजवळ लाखभर नेपाळी रुपये. शाळेला त्यातले किती मिळाले हे हेडसरांना चहा पिताना सहज विचारलं. आठ हजार. त्यांना वाटत होतं मी तेवढेच भरलेत.

शाळा सामुदायिक, म्हणजे सरकारी. अनेकांचे वडील कतारला नाहीतर मलेशियाला. पहिल्या दिवशी मला आत्मविश्वास भारी, लिपी देवनागरीच ना! पाचवीचं नेपाळी पुस्तक उघडलं आणि खणखणीत वाचलं. एकही ओळ धड समजली नाही आणि उच्चार ऐकून अख्खा वर्ग बाकांवर आडवा. बावीस वर्षांचा अनुभव पाच मिनिटांत पाण्यात. तिथल्या गुरुआमा, म्हणजे वर्गाच्या बाई, नम्रपणे म्हणाल्या, तुम्ही मागे बसा.

मागे बसले तेव्हा पुस्तकं दिसली. सरकार ती फुकट देतं, पण वैशाखात मिळालेलं पुस्तक मंसिरापर्यंत, म्हणजे सहासात महिन्यांत, खिळखिळं होतं. पानं सुटलेली, धडे हरवलेले, कव्हरं नाहीत. बाजारातून दाभण आणि जाड दोरा आणला आणि रोज दुपारी व्हरांड्यात बसून शिवायला लागले. तीन भोकं पाडायची, मधल्या भोकातून सुरुवात, गाठ मागच्या बाजूला. हे मला वडिलांनी शिकवलेलं, आमच्या जुन्या वह्या ते असेच शिवायचे. दुसऱ्या आठवड्यात सातवीच्या चार मुली शेजारी येऊन बसल्या. सहाव्यात त्या माझ्यापेक्षा सफाईनं शिवत होत्या, मी नुसती दोरा ओवून देत होते. त्याशिवाय मी केलेलं काम म्हणजे दाखल्यांचं रजिस्टर नीट उतरवून काढणं. शिकवलं काही नाही. निघताना रडारडही झाली नाही. फार बरं वाटलं.

माझ्याबरोबर एक डच मुलगी होती, टुरिस्ट व्हिसावर. त्या व्हिसावर नेपाळात काम चालत नाही, बिनपगारीसुद्धा, हे तिला एजन्सीनं सांगितलंच नव्हतं. आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून आपण सुटतो.

आता एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. माहितीपत्रकात शाळेऐवजी 'अनाथाश्रम' असेल तर जाऊ नका. नेपाळ असो की कंबोडिया, अशा ठिकाणच्या बहुतेक मुलांचे आईवडील किंवा दोघांपैकी एक जण हयात असतो. पाहुणे पैसे देतात म्हणून शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यांतून मुलं आणली जातात. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळात ही भीती इतकी वाढली की मुलांच्या ने-आणीवर सरकारला बंधनं घालावी लागली. ऑस्ट्रेलियानं तर २०१८ मध्ये कायदा करताना या प्रकाराची गणना आधुनिक गुलामगिरीत केली. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी तुमच्या फीवरच तो धंदा चालतो.

खाली कोणीतरी लिहिणारच : 'पुण्यात गरीब मुलं संपली का?' हा प्रश्न विचारणारे सहसा पुण्यातही काही करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. करायचंच असेल तर डोअर स्टेप स्कूल १९९३ पासून पुण्यात बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी काम करतंय. दर शनिवारी दोन तास, पण वर्षभर, एवढं जमतंय का बघा. मला स्वतःला तीन महिन्यांतच कंटाळा आला होता, मग नेटानं टिकले.

तर भाचीला म्हटलं, एजन्सीला शाळेचं नाव विचार. ते म्हणाले, पैसे भरल्यावर कळवू. मग मी तिला पोखऱ्याच्या हेडसरांचा नंबर दिला आणि सांगितलं, 'मी काय शिकवू' असं विचारू नकोस, 'तुमचं कुठलं काम अडलंय' असं विचार.

काल रात्री तिचा फोन आला. हेडसर म्हणाले, एप्रिलमध्ये येऊन काय करणार? चैत्रात परीक्षा, मग वर्ष बदलतं, शाळेत मुलंच नसतात. मंसिरात या, पुस्तकं पुन्हा सुटलेली असतील. तिची रजा आता नोव्हेंबरात गेलीये, एजन्सी कटाप.

'मावशी, पण ते दाभण कुठे मिळतं गं?'

बोहरी आळीत. रविवारीच घेऊन जाते तिला.