पुढच्या ब्रेकबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सायकलचा पुढचा ब्रेक कसा वापरावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "नवशिक्यांना पुढचा ब्रेक वापरा म्हणून सांगणं म्हणजे त्यांना तोंडावर पाडणं. खुर्चीत बसून उपदेश करणं सोपं असतं." मत पटलं नाही तर जरूर सांगा, पण ही खुर्ची तुम्हाला दिसली कुठे? मी शाळेत असल्यापासून सायकल चालवतोय. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, १३ तास ३० मिनिटांच्या मुदतीत पूर्ण केल्या आहेत. नव्या मंडळींना रिकाम्या मैदानात ब्रेक लावायला शिकवत आलोय. यातलं काहीही न विचारता तुम्ही मला खुर्चीत बसवून मोकळे झालात, याचं वाईट वाटलं.

आता ब्रेकचं. ब्रेक लागला की सायकल आणि स्वार, दोघांचा भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं होतं, त्याची पकड कमी होते आणि जोर लावला की ते घसरायला लागतं. पुढच्या चाकाची पकड उलट त्याच क्षणी वाढलेली असते. म्हणून कोरड्या, सपाट रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागतं. उभ्या गाडीचं दार अचानक समोर उघडलं तर तेवढं अंतर तुम्ही आणणार कुठून?

माणसं हँडलवरून पुढे फेकली जातात, हे मीही पाहिलंय. पण ज्यांना पुढच्या ब्रेकची इतकी वर्षं भीतीच घातलेली असते, तीच माणसं घाबरल्यावर लिव्हर एकदम आवळतात. हात सैल असतात, सायकल थांबते आणि अंग पुढे जात राहतं. म्हणून मी आधी हळू वेगात सराव करून घेतो: दोन्ही लिव्हर हळूहळू दाबत न्यायच्या, कोपर किंचित वाकलेले ठेवून हातांनी अंग रोखायचं, बूड सीटच्या मागच्या बाजूला सरकवायचं. मागचं चाक घसरू लागलं की पुढची लिव्हर जराशी सोडायची. वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. हे सगळं लेखात होतं. तुम्ही पहिला परिच्छेद वाचून लिहायला बसलात, असं मला स्पष्ट दिसतंय.

एक मान्य करतो. खडी, सांडलेलं तेल, ओली पानं, रस्त्यावरचे ओले रंगीत पट्टे, अशा ठिकाणी पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही, तिथे पुढचा ब्रेक अगदी बेताने लावायचा. ही सूचना लेखाच्या तळाशी होती, ती वर हवी होती. आज वर घेतली आहे.

बाकी "चेन पुसायला दुकानं आहेत" वगैरे जे तुम्ही लिहिलंत, त्यावर वाद घालत नाही. ब्रेव्हेत आपल्या माणसांची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणी ठिकाणी, घेता येते; मधल्या अंतरात चेन तुटली तर काय कराल, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पुन्हा लिहिण्याआधी मात्र स्वतःच्या सायकलचा पुढचा ब्रेक तपासा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या आणि रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर रबर बदला. मग मैदानात हळू वेगात दोन्ही ब्रेक लावून बघा आणि त्यानंतर काय आढळलं ते इथे लिहा. ते मी नक्की वाचेन.