दोन तासांचं अंतर आणि गोळ्यांचं भांडण

नात्यातल्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा आलाय: ‘कुठल्याही दोन गोळ्यांत दोन तास ठेवा. पोटात भेटच झाली नाही तर भांडण कसलं? झाडपाल्याच्या औषधाला तर तेवढंही नको.’

‘गोळ्या पोटात भेटतात.’ काही भेटतात, कबूल. थायरॉईडच्या गोळीसोबत कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेतली, की पहिल्या गोळीतलं थायरॉक्सिन दुसरीला चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. इथे अंतर उपयोगी आहे, पण चार तासांचं.

‘दोन तासांनी पहिल्या गोळीचा विषय संपतो.’ खरी गफलत इथे आहे. बऱ्याच औषधांचं विघटन यकृतातली एन्झाइम्स करतात आणि टीबीवरचं रिफाम्पिसिन ही एन्झाइम्स वाढवतं. ते स्वतः काही तासांत रक्तातून निघून जातं. वाढलेली एन्झाइम्स मात्र गोळ्या थांबल्यावरही साधारण दोन आठवडे टिकतात. तोवर गर्भनिरोधक गोळी असो की रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, नेहमीपेक्षा लवकर संपतं. एक सकाळी घ्या, एक रात्री, काही फरक पडत नाही. उलटी गंमतही आहे: टीबीचा कोर्स संपला आणि वॉर्फरिनचा वाढवलेला डोस कुणी कमीच केला नाही, तर रक्तस्रावाचा धोका. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक याच्या नेमकं विरुद्ध वागतं. ते एन्झाइम अडवतं, मग कोलेस्टेरॉलवरचं सिम्व्हास्टॅटिन शरीरात साचतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते.

आणि पोटाचा संबंधच नसेल तर? छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट हे नायट्रेट गटातलं औषध जिभेखाली ठेवतात, तिथूनच ते रक्तात जातं. पण सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) घेतलेलं असेल, तर दोन्ही मिळून रक्तवाहिन्या इतक्या सैलावतात की रक्तदाब कोसळतो. म्हणून सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळतात. अशा वेळी डॉक्टरांपासून ती गोळी लपवू नये. लाज नंतर वाटली तरी चालेल.

‘झाडपाल्याला नियम नाही.’ ज्येष्ठमध बरेच दिवस भरपूर खाल्ला तर पोटॅशियम उतरतं. लघवी वाढवणारं फुरोसेमाइडही तेच करतं. सोबत हृदयासाठीचं डिगॉक्सिन चालू असेल तर हृदयाची लय बिघडू शकते.

‘औषधं एकमेकांत मिसळणं वाईटच.’ पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा मुद्दाम घालतात. लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच वाया जाऊ नये म्हणून. आता दोन तासांचं अंतर ठेवायला ही गोळी नेमकी कुठून कापायची?