कॉर्नर प्लॉट

“अजून काँक्रीट दिसत नाहीये.”

आज सकाळी पावणेआठला हे वाक्य मला ऐकवण्यात आलं. तापमान उणे १९. मफलरवर माझ्याच श्वासाचा बर्फ साचलेला. समोर पलीकडच्या गल्लीतले आजोबा, त्यांच्या एका हातात झाकणाचा कॉफीचा कप, दुसऱ्यात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला कुत्रं आणि कुत्र्याच्या चारी पायांत लाल बूट. माझ्या बुटांत एव्हाना बर्फ शिरला होता. कुत्र्याचे पाय कोरडे होते.

गाव कॅनडातलं कॅल्गरी, उपनगर उत्तर टोकाचं इव्हान्स्टन. करडी नाहीतर बिस्किटाच्या रंगाची घरं, प्रत्येकाच्या तोंडावर दोन गाड्यांचं गॅरेज. रस्त्यांना नावं देताना तर कोणीतरी दुपारी जेवून आडवं झालं असावं. इव्हान्सब्रुक, इव्हान्समीड, इव्हान्सपार्क, इव्हान्सरिज. त्यात प्रत्येकाचा वे वेगळा, ड्राइव्ह वेगळा, आणि पिझ्झावाला भलत्याच इव्हान्सच्या दारात. असो.

आमचं घर कोपऱ्यावरचं. घेतलं तेव्हा नाशिकची मावशी फोनवर म्हणाली होती, “कॉर्नर प्लॉट? मग काय बाबा, राजे आहात!” मावशीचं चूक नव्हतं. आपल्याकडे कॉर्नर प्लॉट म्हणजे दोन बाजूंनी वारा, दोन बाजूंनी रस्ता, खाली एखादा गाळा काढायची सोय. इथे कॉर्नर प्लॉट म्हणजे दोन बाजूंनी फुटपाथ. पुढे ११ मीटर, बाजूला ३३, एकूण ४४. आणि नियम असा, की हिमवर्षाव थांबल्यापासून २४ तासांत आपल्या घरालगतचा फुटपाथ घरवाल्याने साफ करायचा, तोही काँक्रीट उघडं पडेपर्यंत. नाही केला तर पहिला दंड २५० डॉलर. सातबाऱ्यावर तो फुटपाथ माझा नाही, त्यावर मी वांग्याचं रोपसुद्धा लावू शकत नाही. बर्फ पडला की मात्र तो माझा.

आता हिशेब. ४४ मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे ६६ चौरस मीटर. काल रात्री पडला १० सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा घनमीटरच्या वर. थंडीतला कोरडा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला ८०-१०० किलो भरतो. म्हणजे साधारण सहा क्विंटल. सोयाबीन असतं तर बाजार समितीत काहीतरी भाव तरी आला असता.

आणि हे सहा क्विंटल टाकायचे कुठे? रस्त्यावर ढकलायला मनाई. पुढच्या बाजूला निदान हिरवळ आहे. बाजूच्या ३३ मीटरला डावीकडे सहा फुटी लाकडी कुंपण आणि उजवीकडे थेट रस्ता, मध्ये गवताची काडी नाही. रुंद पात्याच्या फावड्याने ढकलत निघालं की पाच-सहा मीटरवर ते भरतं आणि बर्फ दोन्ही कडांनी मागे ओघळतो. कुंपणावरून भिरकावला की वारा त्यातला पाव हिस्सा तोंडावर परत करतो. म्हणून ढकलायचं फावडं वेगळं आणि उचलायचं, खोलगट, वेगळं. उचलायच्या फावड्याला धातूची कड हवी. नुसतं प्लॅस्टिक उणे २० ला तडकू शकतं. पात्यावर स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा मारला की ओला बर्फ चिकटत नाही. बायकोच्या डोशांचा तवा आणि माझं फावडं, दोघांना एकच बाटली. तिला हे माहीत नाही.

तर आजोबा.

“काँक्रीट दिसत नाहीये,” ते पुन्हा म्हणाले आणि कपाने दाखवलं. “तिथे. आणि तिथे.”

मी म्हणालो, बर्फ पहाटे चारला थांबलाय. उद्या पहाटे चारपर्यंत मुदत आहे.

“अर्थातच! अर्थातच! मी काही ३११ ला फोन करणाऱ्यांपैकी नाही.”

३११ म्हणजे इथला महापालिकेचा तक्रारीचा नंबर. मी त्याचं नावही काढलं नव्हतं. पुढच्या दहा मिनिटांत आपण ३११ ला फोन करणारे नाही, हे त्यांनी आणखी तीनदा सांगितलं. शेवटच्या वेळी तर ३११ वाले किती सौजन्याने बोलतात, तेही सांगितलं.

“मीठ टाका,” ते म्हणाले.

साधं मीठ उणे १०च्या आसपास हात टेकतं. त्याखाली ते नुसतं बर्फावर बसून राहतं, खारवलेल्या मिरच्यांसारखं. उणे १९ ला कॅल्शियम क्लोराइड लागतं, जे महाग असतं. हे मी सांगितलं.

“मग ते टाका. पण इथे नको. ह्याच्या पायांना झोंबतं.”

“त्याने बूट घातलेत.”

“बूट पडतात,” आजोबा गंभीरपणे म्हणाले.

मग वाळूवर चर्चा झाली. वाळूच्या पेट्या शहरात ठिकठिकाणी असतात, वाळू फुकट, बादली आपली न्यायची. वाळूने बर्फ वितळत नाही, फक्त पाय घसरत नाही, आणि काँक्रीट तर त्याहून दिसत नाही. कुत्र्याला वाळू चालते का? चालते, पण बुटात जाते.

एवढं होईपर्यंत माझी बोटं बधिर झाली होती. ते गेल्यावर आइस चिपर घेऊन, म्हणजे लांब दांड्याची सपाट पहार घेऊन, मी त्या न दिसणाऱ्या काँक्रीटकडे गेलो. ताजा बर्फ सहज सरकतो. पण त्यावर कोणी पाय दिला की खालचा थर दाबला जाऊन काँक्रीटला पक्का चिकटतो. फावडं त्यावरून नुसतं घसरतं, मग खरवडत बसा. म्हणून पहिलं पाऊल पडायच्या आत झाडायला हवं. मी सातला बाहेर आलो होतो. आणि ते चिकटलेले डाग आता वाकून नीट पाहिले, तर एक मोठा लांबट, त्याच्या बाजूला चार छोटे गोल. पुन्हा लांबट, पुन्हा चार गोल. ३३ मीटर.

आजोबांची पहिली फेरी साडेसहाला असते!

त्यांचं स्वतःचं घर रांगेतलं, मधलं. ११ मीटर. तेही शेजारचा मुलगा साफ करून देतो. अशा परोपकारी माणसांना इथे ‘स्नो एंजल’ म्हणतात. माझ्याकडे एंजल येत नाही, निरीक्षक येतो.

आणि हे करून तरी काय? गुरुवारी शिनूक आहे, रॉकी पर्वतावरून उतरणारा गरम वारा. काही तासांत पारा वीस अंश चढेल, लोक अंगातले कोट काढतील. छपरावरचा बर्फ वितळून पन्हळीच्या पाइपातून फुटपाथवर येईल आणि रात्री त्याची काच होईल. उत्तरेच्या अंगाला ती काच टिकतेही, कारण डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १५-१६ अंश वर असतो आणि फुटपाथ दिवसभर कुंपणाच्या सावलीत. पाइपाला जोड देऊन तोंड हिरवळीकडे वळवायचं काम मी ऑक्टोबरात करणार होतो. ऑक्टोबरात आमच्या मंडळाची दिवाळी होती, माझ्याकडे शंभर माणसांची मिसळ होती.

संध्याकाळी पाचला अंधारात आजोबा परत. कुत्रं तीन बुटांवर, चौथ्या पायात माणसाचा मोजा.

“एक लाल बूट दिसला का हो? डावा, मागचा.”

दिसला होता. सकाळीच, कुंपणाशी, फावड्यात आला होता. या क्षणी तो माझ्या जॅकेटच्या उजव्या खिशात होता आणि माझी बधिर बोटं त्याच्यातच खुपसलेली होती. आत लोकर आहे. फार उबदार आहे.

“इथेच कुठेतरी असेल,” मी म्हणालो. “काँक्रीट दिसलं की दिसेल.”