दोन तारांचा पंखा

माझ्याकडे दोन आसनांची, जुन्या बांधणीची, जमिनीला जवळजवळ टेकलेली एक स्पोर्ट्स कार आहे. ती वेगासाठी घडवलेली आहे हे तिच्याकडे पाहताक्षणी कळते, आणि तो वेग माझ्या वाट्याला आठवड्यातून जेमतेम दहा मिनिटे येतो हे माझ्याकडे पाहताक्षणी कळते. उरलेला वेळ आम्ही दोघे सिग्नलला उभे असतो. आजूबाजूचे लोक गाडीकडे कौतुकाने पाहतात, मी मात्र डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याकडे पाहत असतो. परीक्षेच्या निकालाकडेही मी कधी इतक्या एकाग्रतेने पाहिले नव्हते.

गाडीने ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वेग ओलांडला, की समोरून येणारा वाराच रेडिएटरला, म्हणजे इंजिनाचे गरम पाणी निववणाऱ्या जाळीला, पुरतो आणि पंख्याला फारसे काम उरत नाही. पंख्याची खरी गरज लागते ती गाडी उभी असताना, म्हणजे ती स्पोर्ट्स कार असल्याचा काही पुरावा देत नसते तेव्हा. माझ्या गाडीतला मूळ पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा होता. त्याचा स्वभाव एखाद्या उत्साही पण वेळेचे भान नसलेल्या नातेवाइकासारखा होता. मोकळ्या रस्त्यावर, जिथे त्याला कोणी विचारत नसे, तिथे तो इंजिनाची ताकद खाऊन जिवाच्या आकांताने फिरे. आणि सिग्नलला, जिथे त्याच्यावर सारी भिस्त असे, तिथे इंजिनच संथ चालत असल्यामुळे तोही पेंगत असे. तो काढून त्याजागी दोन विजेचे पंखे बसवायचे, असे मी ठरवले. पंख्याला तारा दोनच असतात. एक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी गाडीच्या सांगाड्याला. यात अवघड ते काय, असे मी मोठ्याने म्हणालो आणि शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलीला टॉर्च धरायला बोलावले. तो टॉर्च पुढचे तीन महिने तिच्या हातातून सुटला नाही.

पहिल्या रविवारी पंखे, त्यांच्याभोवतीचे आच्छादन आणि एक साधे बटण एवढे बसवून झाले. तार मी घरात पडलेली वापरली, एक चौरस मिलिमीटर जाडीची. ती पंख्यापासून बटणापर्यंत आणि तिथून बॅटरीपर्यंत मिळून साधारण तीन मीटर भरली. बटण दाबले, दोन्ही पंखे घोंगावले, आणि आपण आजवर उगाच मेकॅनिकांना भीत होतो असे वाटून माझी छाती दोन इंच फुगली. दहा मिनिटांनी मुलगी म्हणाली, "बाबा, कसला तरी वास येतोय." मला नव्या वस्तूचा वास वाटला. बटणाला हात लावला तेव्हा तो वास वितळू लागलेल्या प्लॅस्टिकचा असल्याचे बोटाला समजले.

मग कागद-पेन्सिल घेऊन मी तो हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. दोन्ही पंखे मिळून वीस अँपिअर ओढत होते. तांब्याच्या त्या तीन मीटर तारेचा रोध सुमारे ०.०५ ओहम. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केले, की उत्तर येते जवळजवळ २१ वॅट. म्हणजे गाडी थंड ठेवण्याच्या नादात मी डॅशबोर्डमागे तीन मीटर लांबीचा एक छोटासा सोल्डरिंग आयर्न अंथरला होता. वर एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होता तो निराळा. फ्यूज बसवला होता, पण तीस अँपिअरचा. पंखा वीस अँपिअर घेतो, तेव्हा त्याहून थोडा मोठा असावा, असा माझा हिशेब. फ्यूज हा पंख्याचे नव्हे, तर तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, आणि तारेला सोसणार नाही इतका मोठा फ्यूज लावला तर तो तार जळत असताना तटस्थ राहतो, हे त्या दिवशी कळले. शिवाय तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणीच वाली नसतो. माझा फ्यूज पंख्याजवळ होता.

दुसऱ्या खेपेस जाड तार आली आणि रिले आला. रिलेची कल्पना मला फार आवडली. दीड-दोनशे मिलिअँपिअरचा क्षीण प्रवाह आतल्या कॉइलला हलकेच शिवतो आणि तिकडे वीस अँपिअरचा दरवाजा उघडतो. मोठ्या कचेरीत साहेबाने नुसती मान हलवावी आणि खाली चार माणसांनी कपाट उचलावे, तसे. डॅशबोर्डवरच्या बटणाने फक्त मान हलवायची, वजन रिलेने उचलायचे. त्याच्या पायांवर जर्मन मानकाप्रमाणे आकडे छापलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७ आणि काही रिलेंवर आणखी एक, ८७ए. तीसला बॅटरी, सत्याऐंशीला पंखा, पंच्याऐंशी-शहाऐंशीला कॉइल. हा ८७ए नेमका मधोमध बसलेला असतो आणि त्यामुळे तोच सर्वांत महत्त्वाचा असावा असे वाटते. मी पंखा त्यालाच जोडला.

८७एचे काम असे, की रिले झोपलेला असताना तो तीसला जोडलेला असतो आणि रिले जागा झाला की सुटतो. परिणामी माझे पंखे बटण बंद असताना अखंड चालत आणि बटण सुरू केले की शांत होत. "म्हणजे आपण बटणाचं नाव बदलूया का?" असे मुलीने विचारले. मी तिला टॉर्च नीट धरायला सांगितले.

जोडणी सुधारली, तरी मोकळ्या रस्त्यावर काटा चढायचा आणि गर्दीत उतरायचा. हे निसर्गनियमाच्या विरुद्ध होते. ज्याला ज्याला विचारले त्याने थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान पाहून पाण्याची वाट उघडणाऱ्या-आवळणाऱ्या झडपेला, दोष दिला. शेवटी मुलीच्या वहीचा एक कागद मी रेडिएटरच्या पुढच्या अंगाला धरला. पंखे रेडिएटरच्या मागे होते, तेव्हा त्यांनी हवा पुढून मागे खेचायला हवी आणि कागद जाळीला चिकटायला हवा. कागद उडून माझ्या तोंडावर बसला. मी धन-ऋण तारांची अदलाबदल केली होती आणि पंखे उलटे फिरून इंजिनाकडची गरम हवा पुढे फेकत होते. गाडी उभी असताना त्या उलट्या वाऱ्यानेही थोडेफार भागत होते. गाडी धावू लागली की समोरून येणारा वारा आणि आतून जाणारा वारा रेडिएटरच्या जाळीत एकमेकांसमोर ठाकत, आणि दोन हत्तींच्या झुंजीत जे गवताचे होते ते पाण्याचे होई. तारा उलटवायला दोन मिनिटे लागली. हे उमगायला तीन आठवडे लागले होते.

आता खरा प्रश्न सुरू झाला. पंखा कसा लावायचा हे समजले होते. तो केव्हा लावायचा हे कोणी ठरवायचे? बटण माझ्या हातात असेपर्यंत मी संभाषणाच्या ऐन मध्यात "एक मिनिट" म्हणून बटण दाबत असे आणि ते बंद करायला विसरत असे. तेव्हा हे काम तापमानावर चालणाऱ्या स्विचकडे सोपवावे असे ठरले. हा स्विच पाण्यात बुडी मारून बसतो, ठराविक अंशाला जोडला जातो आणि काही अंश खाली आल्यावर सुटतो. मी आणलेल्या स्विचला तार एकच होती, कारण परतीची वाट त्याच्या अंगच्या आट्यांमधून इंजिनाच्या धातूला मिळते. पाणी गळू नये म्हणून मी त्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी इतक्या निगुतीने गुंडाळली, की आतून पाण्याचा थेंब बाहेर येईना आणि विजेला परतीची वाट सापडेना. इतके चोख काम मी आयुष्यात दुसरे केलेले नाही. काटा शंभरावर गेला तेव्हा शाळेत शिकलेले पाणी माझ्या डोक्यात उकळू लागले. रेडिएटरच्या झाकणाने एक वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवलेला असेल तर साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही, हे मला माहीत होते. पण सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला भौतिकशास्त्राने धीर येत नाही.

पट्टी काढली आणि पंखा सुरू झाला. तो थांबेचना. स्विच निवडताना मी "जितक्या लवकर तितके चांगले" असा विचार करून ८२ अंशांना सुरू होणारा आणि ७७ ला बंद होणारा घेतला होता. माझ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट ८२ अंशांनाच उघडू लागतो. पाणी त्याखाली जाऊ लागले की तो वाट आवळतो आणि इंजिनातले पाणी गरम राखतो. तेच तर त्याचे नेमलेले काम. म्हणजे पंखा पाण्याला ७७ पर्यंत नेण्यासाठी झटत होता आणि थर्मोस्टॅट त्याला ८२ च्या खाली उतरू देत नव्हता. एकाच घरातली दोन कर्ती माणसे खिडकी उघडण्यावरून अडून बसावीत, तसा हा प्रकार होता आणि वीजबिल बॅटरीच्या नावावर होते.

यानंतर जे घडले, ते मी अजून चारचौघांत सांगत नाही. एका संध्याकाळी घरी आलो, गाडी उभी केली, किल्ली फिरवून काढून घेतली आणि खाली उतरलो. इंजिन चालूच होते. किल्ली माझ्या हातात होती. मी किल्लीकडे पाहिले, मुलीने माझ्याकडे पाहिले, आणि पाच-सहा सेकंद आम्ही तिघेही, म्हणजे गाडी धरून, काही बोललो नाही. मग इंजिन आपणहून आचके देत बंद पडले.

"बाबा, भूत?"

भूत नव्हते, पण त्याच्या जवळपासचे काहीतरी होते. विजेची मोटर आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत. वीज दिली तर ते फिरते, फिरवले तर ते वीज देते. वायरिंग छोटे व्हावे म्हणून मी आळसाने रिलेच्या तीस क्रमांकाला बॅटरीऐवजी इग्निशनचीच, म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिच्यात वीज येते आणि जी इंजिनाला ठिणगी पुरवते ती तार जोडली होती. किल्ली बंद केली तेव्हा वेगात असलेले पंखे लगेच थांबले नाहीत. ते फिरता फिरता वीज निर्माण करत राहिले, ती वीज अजून जाग्या असलेल्या रिलेतून उलट इग्निशनच्या तारेत शिरली, तिने रिलेची कॉइल जागी ठेवली आणि इंजिनाला ठिणगीही पुरवली. मुलीला मी हे सारे जमिनीवर खडूने काढून समजावले. ती बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिली. "म्हणजे गाडी पंखा फिरवते, आणि पंखा गाडी चालवतो. मग पेट्रोल कशाला?" पंखे काही क्षणांतच मंदावतात आणि त्यांची पुंजी संपते, हे मी तिला सांगितले, तरी तिचा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. तीस क्रमांकाची तार फ्यूजमधून थेट बॅटरीला नेली, इग्निशनकडे फक्त कॉइलची मान हलवण्याचे काम ठेवले, आणि गाडी किल्लीच्या आज्ञेत आली.

तरी एक दुखणे राहिलेच. दोन्ही पंखे एकदम सुरू झाले की क्षणभर त्यांची भूक दुप्पट-तिप्पट होते. दिवे मिचमिचत, संथ चाललेले इंजिन दचकत असे आणि एकदा तर ते ऐन सिग्नलला बंद पडले. यावर जो उपाय मिळाला, त्यावर मी आजही फिदा आहे. त्याला तीन रिले लागतात. कमी तापमानाला दोन्ही पंखे एकामागे एक, एकाच माळेत जोडायचे. प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सहा व्होल्ट येतात आणि दोघे गुणगुणत हळू फिरतात. तापमान वाढले, की जोडणी बदलून दोघांना स्वतंत्रपणे बारा व्होल्ट द्यायचे. ही अदलाबदल करणाऱ्या तिसऱ्या रिलेत पहिल्या पंख्याची ऋण तार तीसला येते, आणि रिले झोपलेला असताना तिला दुसऱ्या पंख्याशी सांधून ठेवतो तो ८७ए! ज्याने मला मुलीसमोर तोंडघशी पाडले होते, त्याच मधल्या पायावर आता माझ्या गाडीची सारी शांतता उभी आहे. हल्ली पंख्याचा वेग पाहिजे तसा कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रके मिळतात. ती प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा तोडून-जोडून हे साधतात, आणि माझ्या तीन डब्यांपेक्षा ती नक्कीच हुशार असतील. पण त्यांच्यातून "टक्" असा आवाज येत नाही. दोन टप्प्यांचा स्विच आणला आहे. ९२ अंशांना पहिला टक् होतो, ९७ ला दुसरा. बॉनेटखालून येणारा तो पहिला टक् ऐकू आला, की मी काट्याकडे न पाहता समोर पाहू शकतो.

किल्ली काढल्यावरही पंखे थोडा वेळ चालू ठेवावेत, असाही एक मतप्रवाह आहे आणि मी तो काही दिवस पाळून पाहिला. परंतु इंजिन थांबले की माझ्या गाडीतला पाण्याचा पंपही थांबतो. मग पंखा रेडिएटरमध्ये अडकलेल्या त्याच पाण्याला वारा घालत बसतो, तिकडे इंजिनाजवळचा स्विच गरमच राहतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण दार वाजवून "तुमच्या गाडीत काहीतरी चालू राहिलंय" असे सांगून जातो. सकाळी बॅटरी निपचित पडलेली असे. मी तो नाद सोडला. आता किल्ली काढली की टक्, टक्, आणि पंखे आपापल्या वेगाने मंदावतात.

काल गाडी उभी करून बॉनेट उघडले आणि आम्ही दोघे ते मंदावणे पाहत उभे राहिलो. धूसर वर्तुळातून पाती हळूहळू वेगळी दिसू लागली. डावा पंखा थांबला. उजवा आणखी चार सेकंद फिरत राहिला.

"बाबा, हा आधी का थांबला?"

मी म्हणालो, असेल काहीतरी. पण माझ्या आवाजात दम नसावा, कारण मी वळून पाहिले तेव्हा ती टॉर्च आणायला घरात गेलेली होती.